बिनवायरचा व्हॅक्यूम आपल्या घराला मानवेल का?

सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीतून कवडसा पडतो. केर काढायला घेतला की दोन मिनिटांत तो धुळीने भरून जातो. झाडू जमिनीवरून फिरत असतो, पण बारीक धूळ त्याच्यापुढे पळते, वर उठते, पंख्याच्या वाऱ्याबरोबर घरभर हिंडते आणि आपला चहा होईपर्यंत टीव्हीवर येऊन बसते. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं.

म्हणूनच असेल, पण गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या कितीतरी जणींनी मला एकच प्रश्न विचारला. ते काठीसारखं, बिनवायरचं व्हॅक्यूम घ्यावं का? मी दोन वर्षं ते वापरते आहे आणि मला ते आवडतं. तरीही विचारणाऱ्या प्रत्येकीला मी 'घे' म्हणत नाही. माझ्या फ्लॅटमध्ये जे मशीन रोज उपयोगी पडतं, तेच साखर पेठेतल्या आईच्या घरात अर्ध्याहून अधिक जागेत निरुपयोगी ठरलं. मशीन किती ताकदवान आहे हे बघण्याआधी घरात धूळ कोणती येते, ती कशावर पडते आणि ती काढणारं माणूस कोण, हे बघायला हवं. जाहिरातीत या तिन्हींबद्दल काही नसतं.

आधी धुळीचं बघू. एक दिवस सगळ्या घराचा केर एका सुपलीत गोळा करू नका. प्रत्येक खोलीचा केर वर्तमानपत्राच्या वेगळ्या तुकड्यावर काढा आणि उजेडात नीट बघा. मी हे केलं तेव्हा हॉलच्या कागदावर राखाडी, पिठासारखी धूळ होती. बोटांत चोळली तर कण जाणवत नव्हते. बेडरूमच्या कागदावर केस आणि तूस. आपल्याकडे प्रत्येक घरात सोलापुरी चादरी आणि टर्किश टॉवेल, आणि नवा टॉवेल पहिल्या काही धुण्यांत तूस सोडतोच. स्वयंपाकघराच्या कागदावर शेंगदाण्याची फोलपटं, कडक भाकरीचा चुरा, कांद्याची सालं, मोहरीचे दाणे. आईच्या घरातल्या पुढच्या खोलीच्या कागदावर मात्र चक्क वाळू आणि बारीक खडे निघाले, आणि शेजारच्या यंत्रमागावरून उडत आलेला कापसाचा पुंजका.

हे चार वेगवेगळे शत्रू आहेत आणि मशीन चौघांशी सारखं लढत नाही.

पिठासारखी धूळ उचलायला फार ताकद लागत नाही, ती आत धरून ठेवायला लागते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा मातीचा कण हवेत उडाला तर काही मिनिटांत खाली बसतो, पण १ मायक्रॉनचा कण बंद खोलीतही काही तास तरंगत राहतो. नाकातून थेट फुप्फुसात जाणारा तोच. तेव्हा मशीनने धूळ पुढून ओढली आणि मागच्या झरोक्यातून बारीक करून पुन्हा खोलीत सोडली, तर झाडू काय वाईट होता? 'हेपा' या दर्जाचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि तसा फिल्टर असलेलं मशीन घ्यावंच. पण फिल्टर कितीही चांगला असला तरी मशीनच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर ती त्या फिल्टरमधून जातच नाही. घरी तपासायला कवडशासारखं साधन नाही. ऊन आत आलेलं असताना पंखा बंद करा, मशीन कवडशाजवळ धरून चालू करा आणि मागून येणाऱ्या हवेत कण चमकतात का ते बघा. आधीच खाली बसलेली धूळ त्या वाऱ्याने उडणार नाही एवढ्या उंचीवर मशीन धरा. मी हे पहिल्याच दिवशी केलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी अजूनही करते, कारण फिल्टर धुऊन परत बसवताना जरासा तिरपा बसला तरी लगेच कळतं.

केस आणि तूस हा दुसरा प्रकार. यात ओढीपेक्षा तोंडाशी फिरणाऱ्या रोलरचं काम जास्त. आपल्या गुळगुळीत फरशीला मऊ, मखमलीसारखा रोलर हवा. तो धूळ पुसून उचलतो. ताठ केसांचा ब्रश गालिच्यासाठी असतो, आणि सोलापुरात उन्हाळ्याचे चार महिने गालिचा अंथरतं कोण? लांब केस दोन्ही रोलरना गुंडाळतात. आठवड्यातून एकदा रोलर काढून कात्रीने केस कापावे लागतात, हे घेण्याआधीच माहीत असलेलं बरं. तूस वजनाला काहीच नसतं, पण जागा फार खातं. या मशीनचा धुळीचा डबा जेमतेम अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. डब्याच्या आत हवा गरागरा फिरते आणि मिक्सरच्या भांड्यात वाटण जसं कडेला चिकटून बसतं तशी धूळ कडेला फेकली जाते. मधल्या जाळीतून स्वच्छ झालेली हवा पुढे फिल्टरकडे जाते. तूस नेमकं त्या जाळीला कापडासारखं लपेटून बसतं. मग हवा अडते, ओढ कमी होते आणि आपण म्हणतो, मशीन बिघडलं.

आईच्या शेजारी अक्का राहतात. त्यांच्या घराच्या मागच्या भागात माग आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, पुढे संसार आणि मागे खडखडाट. अक्कांनी माझं मशीन बघून विचारलं, "आमच्याकडं चालेल काय ओ हे?" मी त्यांच्यासमोर मागाच्या खोलीत चालवून दाखवलं. पाच मिनिटांत जाळी पांढरी झाली आणि डबा भरला. त्या खोलीला मोठी पिशवी किंवा मोठी टाकी असलेला, वायरचा, कारखान्यात वापरतात तसला व्हॅक्यूमच हवा. पुढच्या दोन खोल्यांना मात्र हे चाललं असतं. अक्कांना मी तसं स्पष्ट सांगितलं.

भाकरीचा चुरा वगैरे जाड कचऱ्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची. काही मशीनचं तोंड जमिनीला इतकं चिकटून चालतं की मोठा तुकडा आत जायच्या ऐवजी पुढे ढकलला जातो. दुकानात मशीन दाखवताना थर्माकोलचे मणी किंवा कागदाचे कपटे टाकतात. ते कुठलंही मशीन ओढेल. तुम्ही घरून एका पुडीत कडक भाकरीचा चुरा आणि चिमूटभर ज्वारीचं पीठ घेऊन जा. चुरा मोकळ्या फरशीवर टाका आणि पीठ दोन फरशांच्या सांध्यात बोटाने दाबून बसवा. चुरा पुढे ढकलला जातो का आणि सांध्यातलं पीठ एका फेरीत निघतं का, हे बघा. दुकानदार जरा चमत्कारिक नजरेने बघतो. बघू दे.

ओलं काहीच या मशीनने ओढू नका. सांडलेली आमटी, बाथरूमबाहेरचं पाणी, ओला भाजीचा देठ यांतलं काहीही नको. ओलं-सुकं दोन्ही ओढणारी मशीनं वेगळी मिळतात, त्यांची रचनाच वेगळी असते. उदबत्तीची किंवा धुपाटण्यातली राख गरम असण्याची शक्यता असते, तिलाही हात लावू नका. आणि रांगोळी. दारापुढची रांगोळी झटकन ओढून घ्यावी असा मोह होतो, पण ती दगडाची बारीक पूड असते आणि फिल्टरच्या घड्यांत जाऊन घट्ट बसते. तिला केरसुणीच बरी. घरात विड्या वळत असतील तर तंबाखूच्या भुकटीलाही हेच लागू, शिवाय तो वास फिल्टरमध्ये राहतो आणि मशीन लावलं की खोलीभर येतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'किलोपास्कल' लिहिलेलं असतं. २०, २५, त्याहूनही जास्त. हा आकडा म्हणजे ओढीचा जोर, पण तो बहुतेक वेळा मशीनचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. मशीनच्या नळीवर तळहात दाबून धरा. हात घट्ट चिकटतो, मोटरचा आवाज चढतो, पण आत काहीच जात नाही. धूळ वाहून नेते ती हवा, आणि त्या क्षणी हवा थांबलेली असते. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा मिळतो तेव्हा साफसफाई शून्य असते. उपयोगाची ताकद काढायची तर ओढीचा जोर आणि सेकंदाला आत जाणारी हवा, दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. समजा, चालू असताना तोंडाशी १० किलोपास्कलची ओढ आहे आणि सेकंदाला १० लिटर हवा आत जाते. तर ती ताकद झाली १०० वॅट. याला 'एअर वॅट' म्हणतात. ज्या कंपनीने हा आकडा दिला आहे तिची तुलना दुसऱ्या एअर वॅटवाल्या कंपनीशी करा. किलोपास्कल आणि एअर वॅट यांची आपसात तुलना होत नाही.

वायरच्या मशीनवर १४००-१६०० वॅट लिहिलेलं असतं आणि बिनवायरच्यावर ४००, म्हणून दुसरं अगदीच दुबळं, असंही नाही. ते वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते त्याचा आकडा. युरोपीय संघाने २०१४ पासून १६०० वॅटच्या आणि २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम विकायला बंदी घातली, तरी तिथली घरं काही घाण राहिली नाहीत. चांगली मोटर आणि नीट घडवलेलं तोंड असेल तर कमी विजेत काम होतं. अर्थात जाड गालिचा किंवा कापसाची गादी खोलवर साफ करायची असेल तर वायरचं मशीन आजही पुढे आहे, हेही तितकंच खरं.

दुसरा आकडा मिनिटांचा. 'एका चार्जमध्ये ४५ मिनिटं.' हा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. बॅटरीवर व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात. उदाहरणार्थ २५.२ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे २.५ अँपिअर-तास. २५.२ गुणिले २.५ म्हणजे ६३ वॅट-तास. टाकीत एवढंच पाणी आहे असं समजा. मोटर पूर्ण जोरात ४०० वॅट खात असेल तर ६३ भागिले ४००, म्हणजे साडेनऊ मिनिटांत टाकी रिकामी. मधल्या जोरावर १५० वॅट खात असेल तर पंचवीस मिनिटं. आणि ती ४५ मिनिटं? सगळ्यात कमी जोरावर, आणि पुष्कळदा पुढचा फिरता रोलर न लावता. ते खोटं म्हणता येत नाही, पण तसं कुणी घर झाडत नाही.

आपल्याला किती मिनिटं लागतात? माझा फ्लॅट ७०० चौरस फुटांचा, म्हणजे ६५ चौरस मीटरचा. कपाटं, पलंग, सोफा वगळले तर झाडायची जागा पन्नासच्या आत. तोंडाची रुंदी एक वीत आणि वर थोडी. सावकाश पुढे-मागे करत मला सतरा-अठरा मिनिटं लागतात. मधल्या जोरावर एका चार्जमध्ये घर होतं आणि थोडी बॅटरी उरते. तुमचं घर दुमजली असेल, बाराशे-पंधराशे चौरस फुटांचं असेल, तर एका बॅटरीत होणार नाही. दुसरी बॅटरी घ्यावी लागेल किंवा एक दिवस खाली आणि एक दिवस वर, असं करावं लागेल. पुन्हा चार्ज व्हायला चार-पाच तास जातात. विजेचा खर्च मात्र मनातून काढून टाका. बाराएक वेळा चार्ज केलं तर जेमतेम एक युनिट जळतं.

आणि हे रोजच्या रोज होतं, हाच या मशीनचा खरा गुण. वायरचं मोठं मशीन आमच्याकडे आधी होतं. ते माळ्यावरून काढायचं, वायर सोडायची, प्रत्येक खोलीत प्लग बदलायचा, म्हणून ते दिवाळीला आणि गुढीपाडव्याला निघायचं. आपल्याकडची धूळ अशी सणाची वाट बघत नाही. भिंतीवर टांगलेलं हलकं मशीन दिसलं की हात आपोआप जातो. जोर कमी असला तरी रोज फिरलेलं मशीन सहा महिन्यांतून एकदा फिरलेल्या जोरदार मशीनपेक्षा घर जास्त स्वच्छ ठेवतं, निदान टाइल्सच्या घरात तरी.

पाण्याचाही मुद्दा आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी त्याहून उशिरा, आणि पुसायच्या बादलीचाही हिशोब ठेवावा लागतो. आधी झाडून पुसलं तरी बारीक धूळ फरशीवर राहायचीच, पहिल्या खोलीतच पाणी काळं व्हायचं आणि दोन बादल्या लागायच्या. व्हॅक्यूमनंतर पुसलं तर माझं सगळं घर एका बादलीत होतं. पुसणं सुटत नाही. चिकट डाग, पायांचे ठसे व्हॅक्यूमने जात नाहीत. पण पुसायचं पाणी वाचतं, आणि उन्हाळ्यात तेवढंही मोलाचं असतं.

आता उन्हाळ्याचं, कारण माहितीपत्रकात हे इतक्या बारीक अक्षरात असतं की मलाही मार खाल्ल्यावर कळलं. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. मी चार्जर पश्चिमेच्या भिंतीला लावला होता. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, संध्याकाळी ती भिंत तव्यासारखी तापलेली आणि वर स्लॅब. संध्याकाळी झाडून झालं की मशीन चार्जिंगला लावायची. लाल दिवा लुकलुकायचा आणि चार्ज व्हायचं नाही. सर्व्हिस सेंटरला नेलं. आठ दिवस ठेवून घेतलं, बॅटरी गेली म्हणाले आणि नव्या बॅटरीची किंमत सांगितली. मशीनच्या किमतीच्या मानाने ती बरीच होती. मी परत आणलं आणि माहितीपत्रक पहिल्यापासून वाचलं. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. त्याच्यावर गेली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं, आणि ते योग्यच करतं. माझी बॅटरी वापरून आधीच गरम झालेली, त्यात तापलेली भिंत. दुसऱ्या दिवसापासून मशीन सकाळी वापरायला लागले, अर्धा तास थंड होऊ द्यायचं आणि मग स्वयंपाकघराच्या बोळात, आतल्या भिंतीला लावलेल्या चार्जरवर टांगायचं. तीच बॅटरी आज दुसरा उन्हाळा काढते आहे. माझे हेलपाटे आणि आठ दिवस गेले, त्याचं वाईट अजून वाटतं, कारण हे एक वाक्य तिथे कुणीतरी सांगायला हवं होतं.

बॅटरी तशीही कायमची नसते. तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची साठवण हळूहळू कमी होते, आणि उष्णतेत ही झीज लवकर होते. रोज वापरलं तर दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची तयारी ठेवा. म्हणून दुकानात सगळ्यात आधी हे विचारा: बॅटरी आपल्या हाताने काढता येते का, सुटी बॅटरी आज केवढ्याला मिळते, आणि दुरुस्ती सोलापुरात होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं? 'मोटरवर पाच वर्षं वॉरंटी' यावर भाळू नका. मोटर सहसा जात नाही, बॅटरी जाते, आणि तिची वॉरंटी वेगळी आणि कमी असते. बाजारात ही मशीनं पाच-सात हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेपर्यंत आहेत. माझं मत विचाराल तर स्वस्तातलं, पण बॅटरी न निघणारं मशीन सगळ्यात महाग पडतं. खराब झालेली लिथियम बॅटरी भंगारात किंवा घंटागाडीत टाकू नका. चेपली गेली तर ती पेट घेऊ शकते. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी परत देण्याचा आग्रह धरा.

आता माणसाचं. आमच्याकडे झाडू-फरशीला मावशी येतात. पुष्कळ घरांत मशीन येतं आणि पडून राहतं, कारण घेणारं माणूस एक आणि झाडणारं दुसरं. मी मशीन आणलं तेव्हा मावशींना विचारलं नव्हतं. ही माझी चूक होती. त्यांना वाटलं की आता आपलं काम जाणार. मग बसून बोललो. काम तेवढंच, पगार तोच, फक्त झाडूच्या जागी हे. पंधरा दिवसांनी त्याच म्हणाल्या, "ताई, आवाज लई आहे ओ ह्याचा, पण नाकात धूळ जाईना बघा." त्या दिवसभरात पाच घरं झाडतात. पाच घरांची धूळ त्यांच्या नाकात जाते, हा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता. आज आपण ज्याला घरगुती व्हॅक्यूम म्हणतो त्याच्या मुळाशीही अशीच गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका दुकानात झाडलोट करायचे. त्यांना दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढायचा. म्हणून त्यांनी विजेची मोटर, कापडी पिशवी आणि काठी जोडून एक यंत्र बनवलं आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर केर काढताना त्या माणसाने खोलीत असू नये, आणि डबा रिकामा करणं तर त्याच्याकडे अजिबात देऊ नये. सगळी धूळ एका जागी असते आणि झाकण उघडलं की भसकन वर येते. मावशी डबा कॅरीबॅगच्या आत धरून उघडतात आणि पिशवीचं तोंड लगेच आवळतात. मीही त्यांच्याकडूनच शिकले.

हाताचाही विचार करा. मशीन अडीच-तीन किलोचं असतं, आणि बहुतेकांची मोटर आणि बॅटरी वर, मुठीशी असते. फरशीवर चालवताना भार जमिनीवर जातो, जाणवत नाही. पण जळमटं काढायला वर उचललं की सगळं वजन मनगटावर येतं. दुकानात दोन मिनिटं छताकडे धरून बघा. काही मशीनचा घोडा, म्हणजे चालू करायचा खटका, सतत दाबून धरावा लागतो. ज्यांची बोटं आखडतात त्यांनी एकदा दाबून चालू राहणारं बटण आहे का ते बघावं.

फिल्टर धुण्याजोगा असेल तर पंधरा दिवसांनी एकदा धुवायचा. एक-दोन तांबे पाणी पुरतं. मग चोवीस तास सावलीत पूर्ण वाळवायचा. आपल्याकडे एरवी तो दुपारपर्यंत वाळल्यासारखा वाटतो, पण घड्यांच्या आत ओल असते, तेव्हा घाई नको. शक्य असेल तर दुसरा फिल्टर घेऊनच ठेवावा.

राहिलं आईचं घर. तिथे पुढे अंगण, मग ओसरी, मग माजघर आणि आत स्वयंपाकघर. खाली शहाबादी फरशी, तीही पन्नास वर्षांपूर्वीची. सांधे बोटभर रुंद आणि काही फरशा वर-खाली झालेल्या. व्हॅक्यूमचं तोंड सपाट जमिनीवर नीट टेकलं तरच ओढ टिकते. उंचसखल फरशीवर बाजूने हवा शिरते आणि सांध्यातली माती तिथेच राहते. ती काढायची तर पुढचं तोंड काढून अरुंद नळी लावायची आणि एकेक सांधा धरायचा, म्हणजे वाकणं आलंच, आणि आईचा त्रास कमरेचाच आहे. अंगणातली वाळू आणि खडे तर मी ओढूच दिले नाहीत. खड्याने रोलर चिरतो आणि आतला पंखाही खराब होऊ शकतो. पण माजघरात काही वर्षांपूर्वी टाइल्स बसवल्या आहेत. आई दिवसभर तिथेच असते, तिथेच झोपते.

मी माझं मशीन आठ दिवस तिच्याकडे ठेवलं आणि काही सुचवलं नाही. पहिल्या दिवशी तिने ते हातात घेऊन सगळीकडे फिरवून बघितलं. तिसऱ्या दिवसापासून ते फक्त माजघरात आणि देवघरात चालू लागलं. दिवाणाखाली नळी आडवी घालून, उभ्याउभ्या. ओसरीला झाडू आणि अंगणाला खराटा, त्यासाठी शेजारचा मुलगा येतो. देवघरातली रांगोळी ती अजूनही लक्ष्मीपूजनाच्या केरसुणीनेच भरते.

आठवडा संपल्यावर मी मशीन न्यायला गेले तर आई म्हणाली, "तुझं ने. मला लहान घे, वजनाला हलकं, दोन खोल्यांपुरतं. आणि चार्जर ह्या भिंतीला लावायचा, ती मागची तापते."